हौदातील पाण्याची ध्वनीच्या साहाय्याने मोजणी

उन्हाळ्यात पिकास पाण्याची पाळी देण्यापूर्वी हौदात पाणी किती शिल्लक आहे, याचा अंदाज घ्यावा लागतो. हौदात काठी बुडवून ओली खूण पाहणे ही जुनी रीत खात्रीची आहे. परंतु वीज रात्री आली आणि हौद वस्तीपासून दूर असला, म्हणजे दर वेळी काठी घेऊन जाणे जमत नाही. अशा ठिकाणी ध्वनीच्या साहाय्याने पातळी मोजणारे एक लहान साधन उपयोगी पडते. ते जोडण्यास फार खर्च येत नाही. मात्र त्याने दाखविलेला आकडा केव्हा खरा मानावा, हे समजून घेतले पाहिजे.

मोजणीचे तत्त्व

विहिरीच्या काठावरून हाक मारली असता काही क्षणांनी तिचा प्रतिध्वनी ऐकू येतो. विहीर जितकी खोल, तितका प्रतिध्वनीस वेळ अधिक लागतो. हेच तत्त्व येथे वापरले आहे. एचसी-एसआर०४ हा सेन्सर दर सेकंदास ४०,००० कंपनांचा ध्वनी सोडतो. मनुष्याच्या कानास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो, म्हणून यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. हा ध्वनी पाण्यावर आपटून परत येतो. जाण्यायेण्याचा वेळ ध्वनीच्या वेगाने गुणून त्याची निमपट केली, म्हणजे अंतर मिळते. २० अंश सेल्सिअस तापमानास हवेतील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. प्रतिध्वनी येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागला, तर पाणी सेन्सरपासून सुमारे १ मीटर ७१ सेंटिमीटर अंतरावर आहे असे समजावे.

जोडणी

वेळ मोजण्याचे काम रास्पबेरी पाय या लहान संगणकाकडून करून घेता येते. हा संगणक २०१२ साली विक्रीस आला. त्याची पाटी पोस्टकार्डाहूनही लहान असते. सेन्सरला चार पिना असतात: वीजपुरवठा, ट्रिगर, इको व ग्राउंड. संगणकाने ट्रिगर पिनेस सेकंदाच्या एक लक्षांश भागाइतका इशारा दिला की सेन्सर ध्वनी सोडतो. इको पिन जितका वेळ चालू राहते, तितका वेळ ध्वनीच्या जाण्यायेण्यास लागला असे धरावे.

येथे एक दक्षता घ्यावी. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो. परंतु संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच सहन करतात. इको पिन सरळ जोडल्यास संगणक कायमचा बिघडू शकतो. यास्तव इको व संगणकाची पिन यांमध्ये १ किलोओहमचा आणि त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. म्हणजे संगणकाकडे सुमारे ३.३ व्होल्टच जातात.

उन्हाळ्यातील चूक

ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. दर अंशामागे तो सेकंदास सुमारे ०.६ मीटरने अधिक होतो. ४० अंशांस तो सुमारे ३५५ मीटर असतो. संगणकात मात्र ३४३ हाच आकडा ठेवला, तर काय होते ते पाहू.

समजा, हौद ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २ मीटर खोल आहे, आणि सेन्सर काठाच्या वर ३० सेंटिमीटरवर बसविला आहे. पाणी सेन्सरपासून २ मीटर खाली गेले, म्हणजे तळाशी ३० सेंटिमीटर, अर्थात २,७०० लिटर पाणी उरले. ४० अंशांच्या हवेत प्रतिध्वनी लवकर परतल्याने यंत्र हे अंतर १ मीटर ९३ सेंटिमीटरच दाखवील. त्यावरून पाणी ३,३३० लिटर आहे असे वाटेल. म्हणजे हौदात नसलेले ६३० लिटर पाणी हिशेबात धरले जाईल. पाण्याची टंचाई असते, नेमक्या त्याच दिवसांत यंत्र पाणी अधिक दाखविते. यास्तव हौदावरील हवेचे तापमान घेऊन पुढील रीतीने वेग काढावा: तापमानास ०.६ ने गुणावे व त्यात ३३१ मिळवावेत.

इतर सूचना

१. उघड्या जाळीच्या सेन्सरवर दमटपणा बसतो. हौदासाठी जलरोधक सेन्सर घ्यावा. तो सुमारे २० ते २५ सेंटिमीटरहून जवळचे अंतर मोजू शकत नाही, म्हणून भरलेल्या पाण्याच्या वर ३० सेंटिमीटर जागा सोडावी.

२. सेन्सर पाण्याकडे सरळ उभा रोखलेला असावा. भिंत व पाण्याची धार यांपासून तो दूर ठेवावा. अन्यथा प्रतिध्वनी त्यांच्यावरूनच परत येतो.

३. एका मोजणीवर विसंबू नये. लागोपाठ अकरा मोजण्या घ्याव्यात, आकडे चढत्या क्रमाने मांडावेत आणि मधला आकडा स्वीकारावा.

४. खोल विहिरीत हे साधन वापरू नये. त्याची मर्यादा सुमारे ४ मीटर आहे, शिवाय विहिरीच्या कडांवरूनही प्रतिध्वनी येतात. तेथे वजन बांधलेली दोरीच उत्तम.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे साधन बसवून दिल्यानंतर पहिले काही दिवस सकाळी व भर दुपारी काठीने मोजून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवण्यास शेतकऱ्यांस सांगावे. दोन्ही वेळचे आकडे जुळले, म्हणजे पाळीचा हिशेब यंत्रावरून करण्यास हरकत नाही. न जुळल्यास काठीचा आकडा खरा धरावा आणि यंत्रातील दोष शोधावा.