यकृत नवं, मग कर्करोग कुठला?

प्रश्न : आमच्या दाजींना यकृताचा कर्करोग होता. माझ्या बहिणीनं स्वतःच्या यकृताचा भाग दिला आणि प्रत्यारोपण झालं. तरी डॉक्टर दर काही महिन्यांनी सीटी स्कॅन करायला लावतात. रोगट यकृत तर आख्खं काढलं. आता कर्करोग होणार कशात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : यकृत बदललं, रक्त मात्र दाजींचंच आहे. गाठीतल्या काही पेशी ऑपरेशनच्या आधीच निसटून रक्तावाटे पसरलेल्या असू शकतात. त्या कुठल्याही स्कॅनवर दिसत नाहीत. पुढे फुप्फुसात, हाडात, कधी थेट नव्या यकृतातच त्या गाठ धरतात. म्हणून पोटाबरोबर छातीचाही सीटी काढतात आणि रक्तात ‘एएफपी’ हे यकृताच्या कर्करोगाची चाहूल देणारं प्रथिन तपासतात. बहुतेक वेळा हे पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतं, त्यामुळे तेव्हाच्या तपासण्या टाळू नयेत.

हा धोका पहिल्यापासून ठाऊक आहे. १९६७ साली अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी दीड वर्षाच्या एका मुलीचं यकृत बदललं. ती वर्षाहून जास्त जगली, आणि गेली ती उलटलेल्या कर्करोगानं. १९९६मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी मर्यादा आखली: गाठ एकच असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत. या मर्यादेतले रुग्ण निवडले, तर शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांतच रोग उलटतो.

नव्या यकृतात अगदी नवा कर्करोगही होऊ शकतो, पण क्वचित आणि बऱ्याच वर्षांनी. बी किंवा सी कावीळ परत उलटली, दारू सुरू झाली, चरबी साठत गेली आणि नवं यकृतही सुकलं, की मग. सी काविळीवर आता गोळ्यांचा दोन-तीन महिन्यांचा कोर्स आहे. बी आटोक्यात ठेवता येते. दारूचं मात्र आपल्याच हातात.

गाठ जुनी की नवी, हे तुमच्या घरी तर नेमकं कळेल. गाठीच्या पेशींत वाय गुणसूत्र सापडलं, तर ती दाजींची, म्हणजे जुनाच रोग उलटलेला. दोन्ही एक्स निघाले, तर ती बहिणीनं दिलेल्या यकृतात उगवलेली. दाता आणि रुग्ण दोघेही पुरुष असते, तर डीएनए जुळवून पाहावा लागला असता. (बहिणीला दाजींचा कर्करोग लागत नाही, तिनं दिलं, घेतलं काहीच नाही.)

एक धोक्याची गोष्ट. टॅक्रोलिमससारख्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणजे कर्करोगालाही मोकळीक मिळते, असं कुठंतरी वाचून काही जण त्या परस्पर बंद करतात. म्हणणं अगदीच खोटं नाही, पण गोळी थांबली की शरीर यकृतच नाकारतं. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं शक्य असतं. ते प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.