असन्निधानीचे दुःख आणि स्मरण



गतवर्षी एका वासनिक मातेने आम्हांस प्रश्न केला. तिचा तरुण पुत्र अकस्मात निवर्तला होता. "बाबा, नाम घेते, तरी डोळ्यांचे पाणी खळत नाही. माझी श्रद्धाच खोटी का?" आप्तजन तिला एका देवतेचा नवस बोलावयास आग्रह करीत होते, हेही तिने संकोचाने सांगितले. हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हे. म्हणून येथे त्याचा विचार करू.

प्रथम शोकाविषयी. इ. स. १२७४च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले. तेव्हा आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य विरहाने व्याकुळ झाले. ज्यांच्या निष्ठेविषयी कोणासही शंका नाही, त्यांची ही अवस्था! यावरून अश्रू हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे, हे स्पष्ट होते. मग श्रद्धेची परीक्षा कोठे होते? शोकातून जीव कोणाकडे वळतो, तेथे.

भक्तजन वळले ते रिद्धपुरी, श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेकडे. सेवेने हातांस काम मिळाले, मनास आश्रय मिळाला. पुढे नागदेवाचार्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत असत, तेच स्मरण म्हाइंभटांच्या उद्योगास कारण झाले, असे परंपरा सांगते. म्हाइंभटांनी ज्याने जी लीळा पाहिली-ऐकली, त्याच्याकडून ती मिळविली. त्यातून मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' सिद्ध झाला. पुढे परचक्राच्या धाडीत मूळ पोथी गेली. तेव्हाही स्मरणाच्या बळावरच लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. पोथी हरपली, स्मरण हरपले नाही.

आता नवसाविषयी. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हा आपला सिद्धान्त. देवता कर्माचे फळ देतात. ते फळ भोगून सरते. जीवाचा उद्धार एका परमेश्वरासच शक्य आहे. दुःखाच्या भराने अनन्यता सोडणे म्हणजे तहानेने व्याकुळ होऊन आपलीच घागर फोडणे होय. मात्र श्रद्धा म्हणजे इष्ट घडवून घेण्याचा सौदाही नव्हे. नामाने पुत्र परत येत नाही. पण दुःखाच्या काळोखात जीव एकटा राहत नाही.

येथे उपदेशकांनाही एक सूचना करणे अवश्य वाटते. कर्मसिद्धान्त हा स्वतःच्या परीक्षणासाठी आहे. शोकग्रस्ताच्या दारी जाऊन "हे तुमच्या कर्माचे फळ" असे बोलणे हे ज्ञान नव्हे, निष्ठुरता होय. तेथे आधी जवळ बसावे, ऐकावे.

त्या मातेस आम्ही इतकेच सांगितले : रडू आले तर रडावे. प्रातःकाळी व सायंकाळी ठराविक वेळी नाम घ्यावे. मन लागले नाही तरी आसन सोडू नये. रोज एक लीळा वाचावी आणि ती दिवसभर आठवावी. घरी भिक्षू आले तर आपल्या हाताने अन्न वाढावे. अन्न गोड लागेना, झोप येईना, जगणे नकोसे वाटू लागले, तर घरच्यांस सांगावे आणि वैद्याकडेही जावे. औषध घेण्याने अनन्यतेस बाध येत नाही.

काही मासांनी ती पुन्हा आली. म्हणाली, "बाबा, पाणी अजून येते, पण आता रडतानाही नाम सुटत नाही."

सन्निधानी भक्तांस दर्शनाचा आधार होता. आपणां असन्निधानीच्या जीवांस स्मरणाचा आहे. तो दुःखात ढळू न देणे, हेच आपले अनुसरण.

दंडवत प्रणाम.