लातूर सोडून सोलापूर का?

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एक बाई एचआयव्हीच्या गोळ्या आणायला लातूरऐवजी सोलापूरला जातात. गोळ्या दोन्हीकडे त्याच आणि फुकटच. मग हा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, औसा

उत्तर : लातूरच्या रांगेत ओळखीचं माणूस भेटू शकतं, म्हणून. घरात लेकीची सोयरीक जुळत असेल तर तेवढी भीती शंभर किलोमीटरच्या एसटीला पुरते.

ही भीती खोटी नाही. तुमच्याच तालुक्यात, हासेगावला, रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. २००९ मध्ये ही मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं घरी बसवली. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून हा विषाणू लागत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. लेकरांना जे भोगावं लागलं ते ऐकलेली बाई लातूरच्या केंद्राची पायरी कशी चढेल?

सोलापूरची खेप म्हणजे भाडं आणि बुडालेली मजुरी. एखादी खेप चुकते, गोळ्या सुटतात, विषाणू पुन्हा वाढतो आणि पुढे त्याच गोळ्यांना दाद देईनासा होऊ शकतो. मला जास्त काळजी वाटते ती तपासणीच टाळणाऱ्यांची. ते येतात तेव्हा वजन घटलेलं असतं, अनेकदा क्षयरोगही सोबत असतो. घरी गोळ्या घेऊन जो माणूस कामावर गेला असता, त्याला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात कित्येक दिवस खाट अडवावी लागते. तिथं खाटा आधीच अपुऱ्या पडतात.

एप्रिल २००४ पासून सरकार या गोळ्या मोफत देतं. नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. २०१७ च्या कायद्यानं शाळा, नोकरी, दवाखाना इथल्या भेदभावाला मनाई केली आहे.

त्या बाईंनी स्वतः तुम्हाला विश्वासात घेतलं असेल, तर एवढं सांगा : प्रकृती स्थिर असेल तर काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, केंद्रात विचारा. १०९७ वर फोन करून माहिती फुकट मिळते. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळलं असेल, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.