संकेताचा पल्ला

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा हे गाव समुद्रापासून दूर आहे. तेथे रात्री रेडिओवरील मध्यलहरींची पट्टी फिरवली, की दिवसा मुळीच न लागणारी दूरदूरची केंद्रे लागतात. ऐकणाऱ्याला त्याची मौज वाटते. भर समुद्रातील जहाजाला मात्र लहरींची हीच करामत एके काळी धोक्याची होती.

रेडिओलहरी दोन वाटांनी येतात. एक वाट पृथ्वीच्या पृष्ठभागालगतची. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे या वाटेने लहरी कोरड्या जमिनीपेक्षा समुद्रावर पुष्कळ दूर जातात. दुसरी वाट आकाशातून. वातावरणाच्या उंच थरांतील विद्युत्भारित कण लहरींना खाली परतवतात. दिवसा तेथील खालचा थर मध्यलहरी शोषून घेतो; सूर्यास्तानंतर तो विरतो, आणि परतलेल्या लहरी शेकडो कोस पोचतात.

धानोऱ्याच्या नैऋत्येस, गुजरातच्या किनारपट्टीत बिलिमोरा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे, तसेच वेरावळ व ध्रांगध्रा येथे, ‘लोरान-सी’ पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे होती. त्यांच्या लहरींची लांबी ३ किलोमीटर असे. तिन्ही केंद्रांचे संकेत ठरलेल्या क्रमाने सुटत. ते जहाजावर किती काळाच्या अंतराने पोचले, हे यंत्र मोजी आणि त्यावरून नकाशावर जहाजाची जागा निघे. रेडिओलहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते. खडकाळ किनाऱ्याजवळ तेवढी चूकही थोडी नव्हे!

आकाशातून परतणारी लहर लांबचा फेरा घेते, म्हणून ती उशिरा पोचते. यंत्राने तिलाच समुद्रालगतची लहर मानले, तर जहाज नकाशावर कित्येक किलोमीटर सरकलेले दिसे. यासाठी यंत्र प्रत्येक संकेताचा अगदी आरंभीचा, सेकंदाच्या सुमारे तीन लक्षांशांतील भागच विचारात घेई. तोवर आकाशातील लहर आलेली नसे. सुमारे दीड-दोन हजार किलोमीटरांपलीकडे मात्र समुद्रालगतची लहर इतकी क्षीण होई, की संकेत मिळूनही तो भरवशाचा नसे. खलाशाच्या दृष्टीने पल्ला तेथेच संपे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांना समुद्राचा कोणताच कोपरा दूर नाही. परंतु एवढ्या उंचीवरून येणारा संकेत फार मंद असतो, आणि जवळचा लहानसा प्रक्षेपकही त्याला बुडवू शकतो. म्हणून मुंबई बंदराकडे येताना खांदेरी बेटावरचे, १८६७ साली बांधलेले दीपगृह दिसले, की सावध कप्तान होकायंत्रावर त्याची दिशा घेतो आणि पडद्यावर दिसणारी जागा तिच्याशी ताडून पाहतो.