तासाचा दर आणि हातात उरणारा डॉलर

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभा असताना एका परिचित गृहस्थांनी विचारले, "सध्या कुठे आहात?" मी म्हणालो, "नोकरीत नाही. फ्रीलान्स करतो, तासावर." "तासाला किती?" हा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटत नाही. मी सांगितले, "सत्तर डॉलरपासून सुरुवात केली." त्यांनी तिथल्या तिथे गुणाकार केला. वर्षाचे २,०८० तास, म्हणजे १ लाख ४५ हजार ६०० डॉलर. "मग चैन आहे की तुमची!" असे म्हणून त्यांनी आणखी दोन चकल्या वाढून घेतल्या.

वाचकहो, हाच गुणाकार २०२३ साली मीही केला होता, आणि तो मला चांगलाच महागात पडला. नोकरी गेल्यावर किंवा मुले शाळेत जाऊ लागल्यावर सुट्या कामांकडे वळणारी अनेक कुटुंबे आपल्या मंडळात आहेत. त्यांच्या पदरी तोच खर्च पडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी व्हिसा, मग काम

जानेवारी २०२३ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा मी एच-१बी व्हिसावर होतो. अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. सुदैवाने पत्नी एच-१बीवर नोकरीत होती आणि तिचा आय-१४० मंजूर झालेला होता. म्हणून मी तिच्या आधाराने एच-४ आणि त्यासोबत वर्क परमिट, म्हणजे ईएडी कार्ड, यांसाठी अर्ज केला. मे २०१५ पासून काही ठरावीक एच-४ धारकांना ही सोय आहे. आपल्या अनेक भगिनींना ती ठाऊक आहे. माझ्या बाबतीत पाटी उलटी होती एवढेच.

कार्ड यायला जून उजाडला. मधल्या काळात एका मित्राने काम देऊ केले. "पैसे भारतातल्या खात्यात टाकतो, कोणाला कळणार आहे?" असे तो म्हणाला. मी नाही म्हणालो. अमेरिकेत बसून केलेले काम हे अमेरिकेतले काम धरले जाते, पैसे कोठेही जमा होवोत. एका छोट्या कामापायी पुढचे ग्रीन कार्ड अडचणीत आणणे शहाणपणाचे नाही.

थोडक्यात सांगायचे तर, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर मार्ग मोकळा आहे. एच-१बीवर असाल तर ज्या मालकाने अर्ज भरला त्याचेच काम करता येते. शनिवार-रविवारचे जोडकामही चालत नाही. विद्यार्थ्यांना पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या ओपीटीत आपल्या विषयातले स्वतंत्र काम करता येते, पण पुढच्या स्टेम मुदतवाढीत स्वयंरोजगार बसत नाही. एच-४ ईएडीवर स्वतंत्र काम करता येते, मात्र कार्डाच्या तारखेवर डोळा ठेवावा लागतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या बहुतेक अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. म्हणून मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी अर्ज करण्याची जी मुभा आहे, तिचा पहिल्याच दिवशी लाभ घ्यावा.

गुणाकार कुठे चुकतो?

मी जूनच्या मध्यावर काम सुरू केले. वर्षअखेरपर्यंत २८ आठवडे होते. आठवड्याला ४० तास धरले तर १,१२० तास व्हायला हवे होते. प्रत्यक्षात बिल लावता आले ते ५६० तासांचे, म्हणजे बरोबर निम्मे. उरलेला वेळ काम शोधण्यात, फुकटच्या बैठकांत, अंदाजपत्रके लिहिण्यात आणि पैशांची आठवण करून देण्यात गेला.

दर ठरवताना हिशेब उलट्या दिशेने करावा. समजा, तुम्हाला वर्षाला १ लाख डॉलर पगाराच्या नोकरीइतके हाती राहायला हवे आहे. मालक पगाराशिवाय आणखी काय भरत होता ते आधी मांडा. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा त्याचा ७.६५ टक्क्यांचा वाटा, म्हणजे ७,६५० डॉलर. कुटुंबाच्या आरोग्य विम्यासाठी समजा १८,००० डॉलर. हा आकडा घरागणिक बदलेल. निवृत्तीच्या खात्यातली ४ टक्क्यांची भर, म्हणजे ४,००० डॉलर. शिवाय संगणक, करसल्लागार, व्यवसायाचा विमा यांचे आणखी ४,००० धरा. बेरीज झाली १ लाख ३३ हजार ६५० डॉलर.

आता तास मोजा. सुट्या, सणवार आणि आजारपण वजा केल्यावर वर्षाचे ४७ आठवडे उरतात. त्यात आठवड्याला बिल लावता येणारे २६ तास धरले तर होतात १,२२२ तास. भागाकार केला की उत्तर येते तासाला सुमारे ११० डॉलर. एक लाखाला २,०८० ने भागले असते तर आले असते ४८! मी मागितलेले सत्तर डॉलर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकत होते, आणि मी मात्र स्वतःला श्रीमंत समजत होतो.

आलेला सगळा पैसा आपला नसतो

खरा चटका पुढेच बसला. खर्च वजा जाता त्या सात महिन्यांत माझे उत्पन्न ३८,००० डॉलर झाले. त्याच वर्षी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, आणि मी बिनदिक्कत चार हजार डॉलर साताऱ्याला पाठवले. पुढच्या वर्षी करसल्लागाराने आकडा काढला: त्या ३८,००० डॉलरवर केंद्र सरकारचा कर साडेअकरा हजारांच्या घरात होता, आणि राज्याचा कर वेगळा. आईला पाठवलेले पैसे माझे नव्हतेच, ते सरकारचे होते! शेवटी घरासाठी साठवलेल्या रकमेला हात घालावा लागला. पत्नी काही बोलली नाही, पण तो आठवडा घरात फार शांततेत गेला.

हे असे का झाले? नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा निम्मा भार मालक उचलतो. स्वतंत्र काम करणाऱ्याला दोन्ही वाटे स्वतःच भरावे लागतात. हा स्वयंरोजगार कर १५.३ टक्के असतो आणि निव्वळ उत्पन्नाच्या ९२.३५ टक्के रकमेवर लागतो. माझ्या ३८,००० वर तो सुमारे ५,३७० डॉलर झाला. त्यातला निम्मा आयकर मोजताना वजा मिळतो, पण आयकर असतोच. वर्षाला ४०० डॉलर निव्वळ मिळाले तरी हा कर लागू होतो. ग्राहकाने १०९९-एनईसी हा कागद पाठवला नाही म्हणजे उत्पन्न दाखवायचे नाही, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. कागद येवो न येवो, उत्पन्न दाखवावेच लागते.

हा कर वर्षातून चार वेळा भरायचा असतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी १५ जानेवारी. चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के, किंवा गेल्या वर्षीच्या कराइतकी रक्कम वेळेवर भरली तर दंड लागत नाही. गेल्या वर्षीचे उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर मात्र गेल्या वर्षीच्या कराच्या ११० टक्के भरावे लागतात. पती-पत्नींपैकी एक नोकरीत असेल तर आणखी एक सोपा उपाय आहे: नोकरीतल्या पगारातून जास्त कर कापून घ्यायला सांगायचे. कापलेला कर वर्षभर समान भरला असे धरले जाते. आम्ही आता तेच करतो.

शिवाय मी एक वेगळे बचत खाते उघडले आहे. कोणताही चेक आला की त्याच दिवशी ३५ टक्के रक्कम तिथे जाते. उरलेली रक्कम हीच आपली कमाई, असे मनाला शिकवले.

विमा आणि उतारवय

आमच्या घरी विमा पत्नीच्या नोकरीतून मिळतो, म्हणून आम्ही निभावलो. ज्यांच्या घरी एकच नोकरी आहे त्यांनी ती सोडण्याआधी विम्याचा विचार करावा. २० किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीतून बाहेर पडल्यावर कोब्राखाली तोच विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता १०२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे मालकाचाही वाटा आपणच भरायचा. दुसरा मार्ग सरकारी मार्केटप्लेसचा. नोकरीचा विमा संपल्यापासून ६० दिवसांत तेथे नाव नोंदवता येते. ही मुदत चुकली तर सर्वसाधारणपणे पुढच्या खुल्या नोंदणीपर्यंत थांबावे लागते. स्वतः भरलेला हप्ता व्यवसायाच्या नफ्यापर्यंत करातून वजा मिळतो. मात्र जोडीदाराच्या नोकरीतून विमा घेणे शक्य असेल तर त्या महिन्यांची ही सवलत मिळत नाही.

निवृत्तीसाठी एसईपी-आयआरए किंवा एकट्याचे ४०१(के) खाते उघडता येते. कामगार म्हणून ४०१(के)मध्ये भरता येणारी रक्कम २०२६ साठी २४,५०० डॉलर आहे, आणि मालक म्हणून त्यावर आणखी भर घालता येते. स्वयंरोजगार कर भरताना जीव तुटतो खरा, पण त्यातूनच सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला लागणारी ४० क्रेडिट्स जमतात. ती जमायला किमान दहा वर्षे लागतात, आणि भारत व अमेरिका यांच्यात याबाबत परस्पर करार नाही. म्हणून तिकडची नोकरीची वर्षे इकडे धरली जात नाहीत.

काम मिळते कुठे?

माझे पहिले काम जुन्या मॅनेजरकडून आले. गेल्या अडीच वर्षांतली बहुतेक चांगली कामे ओळखीतूनच आली. म्हणून नोकरी सुटल्यावर घरात दडून बसू नका. ज्यांच्याबरोबर काम केले त्या वीस-पंचवीस जणांना साधे पत्र लिहा. "काहीही काम करीन" असे लिहू नका. "जुन्या डेटाबेसमधली माहिती नव्यात सुखरूप हलवून देतो" असे नेमके लिहा. नेमके काम लोकांच्या लक्षात राहते.

अपवर्क हे त्यानंतरचे ठिकाण. ईलान्स आणि ओडेस्क या कंपन्या एकत्र येऊन २०१५ साली तिला हे नाव मिळाले. तिथे जगभरचे लोक, आपले पुण्याचे इंजिनियरही, बोली लावतात. तेव्हा स्वस्ताईत स्पर्धा करू नये. सुरुवातीला दोन-तीन छोटी कामे नीट करून चांगले अभिप्राय मिळवावेत. कंपनी आपले शुल्क कापून घेते, तेही दरात धरावे. जो कामाआधीच तुमच्याकडून पैसे मागतो, किंवा जादा रकमेचा चेक पाठवून उरलेले परत मागतो, तो ठग समजावा.

तिसरा मार्ग कन्सल्टिंग एजन्सीचा. तेथे "डब्ल्यू-२ की कॉर्प-टू-कॉर्प?" असे विचारतात. १९८६ च्या करसुधारणा कायद्यातील कलम १७०६ ने एजन्सीमार्फत काम करणाऱ्या प्रोग्रामर आणि इंजिनियरांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दाखवणे एजन्सींना अवघड केले, त्याचा हा परिणाम. डब्ल्यू-२ वर दर थोडा कमी दिसतो, पण करातला मालकाचा वाटा एजन्सी भरते. नवख्या माणसाने हा मार्ग कमी लेखू नये. आणि नुसती एलएलसी काढली म्हणजे कर वाचतो, हा भ्रम आहे. एकाच मालकाच्या एलएलसीचा कर बहुधा त्याच्या स्वतःच्याच विवरणपत्रात लागतो.

भीड भिकेची बहीण

शेवटचा धडा स्वभावाचा. एका ओळखीच्या गृहस्थांचे काम मी तोंडी बोलीवर केले. "आपल्यात कसला करार?" असे ते म्हणाले आणि मला नाही म्हणवले नाही. २,१०० डॉलर आजतागायत आलेले नाहीत. आम्ही समोरासमोर भेटतो, हसतो, मुलांची चौकशी करतो. पैशांचा विषय मी काढत नाही आणि ते तर नाहीच.

तेव्हापासून नियम केला: काम काय, किती दिवसांत, किती पैसे, केव्हा मिळणार, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. सुरुवातीला तीस टक्के आगाऊ. बिल दिल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढचे काम थांबेल. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून आणि संपूर्ण न्यूयॉर्क राज्यात ऑगस्ट २०२४ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. इलिनॉयमध्ये जुलै २०२४ पासून असाच कायदा आहे. जे कायदा मागतो, ते मित्राकडे मागण्यात कमीपणा कसला?

आईचा गुडघा आता उत्तम आहे. साताऱ्यात ती रोज सकाळी फिरायला जाते. त्या चार हजारांची गोष्ट तिला सांगितलेली नाही. यंदा मात्र तिला पैसे पाठवताना करासाठी वेगळ्या ठेवलेल्या ३५ टक्क्यांना हात लावला नाही. रक्कम थोडी लहान होती, पण ती पूर्णपणे माझी होती.

येत्या दिवाळीत कोणी तासाचा दर विचारला, तर मी सांगेन; पण गुणाकार करण्याआधी भागाकार करायला लावीन.

(वरील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आकडे दरवर्षी बदलतात. निर्णय घेण्यापूर्वी आपल्या करसल्लागाराचा आणि इमिग्रेशन वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.)