डॅनियल बूनबरोबर आलेला पूर्वज

प्रश्न : आमच्या अमेरिकन सुनेचा मूळपुरुष सरहद्दीवरचा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून याच्यासोबत केंटकीत आला, असे त्यांच्या छापील कुलवृत्तांतात आहे. नातवासाठी वंशावळ करताना हे ग्राह्य धरावे का?

उत्तर : नाही, तो फक्त धागा समजा. शोध नातवापासून मागे न्या, बूनपासून पुढे नको, कारण एकाच नावाची माणसे त्या सरहद्दीवर पुष्कळ होती. जनगणनेत घरातल्या प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव १८५० पासून मिळते, त्याआधी केवळ कुटुंबप्रमुखाचे. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर नष्टच झाल्या. म्हणून खरी भिस्त जमिनीच्या कागदांवर. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात होते. तिथल्या १७७९ च्या कायद्याने १ जानेवारी १७७८ पूर्वी वस्ती केलेल्यांना ४०० एकरांवर हक्क दिला. त्या दाखल्यांत जमीन कोणत्या ओढ्याकाठी, दावेदाराने मक्याचे पीक कोणत्या साली काढले, हेही सापडते. कुलवृत्तांत कितीही जुना असो, असा समकालीन कागद त्याहून वजनदार.

डीएनए चाचणीने काम भागेल, असे कुणी म्हणेल. पण वाय गुणसूत्र बापाकडून लेकाकडे जाते. नातवाचे तर तुमच्याच घराण्याचे! चाचणी सुनेच्या वडिलांची किंवा भावाची हवी, आणि तीही वंश मधे कुठे लेकीकडून आला नसेल तरच कामाची. शिवाय सख्ख्या भावांपैकी नेमका पूर्वज कोण, हे ती सहसा सांगत नाही. ते मृत्युपत्रे सांगतात : वारस, लेकींची सासरची आडनावे, साक्षीदार शेजारी. जिथे बाप-लेकाचा दुवा कागदावर मिळत नाही, तिथे वंशावळीत स्पष्टपणे ‘संभाव्य’ लिहा.