बकरीची लस बैलाला कशाला?



महागाव तालुक्यातल्या आंध आणि कोलाम वस्त्यांवर गुरांच्या लसीकरणाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: "दादा, लस बकरीची, मग आमच्या बैलाला कशाला टोचता?" प्रश्न रास्त आहे. 2022 च्या लम्पीच्या साथीत शासनाने गायीबैलांना मोफत दिलेली लस खरोखरच बकऱ्यांच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची होती. संशयापोटी काहींनी बैल टोचू दिले नाहीत. काहींनी रोग बकरीनेच आणला असे समजून बकऱ्या मिळेल त्या भावात विकल्या. मेलेल्या बैलामागे शासनाने 25,000 रुपये मदत ठरवली होती. पण पेरणीच्या तोंडावर जोडी मोडली तर गेलेला हंगाम त्यातून परत येत नाही.

उत्तर विषाणूच्या घराण्यात आहे. गायीचा लम्पी, मेंढीची देवी आणि बकरीची देवी यांचे विषाणू सख्खी भावंडे आहेत. विषाणूचा सगळा गुणधर्म चार अक्षरांच्या एका लांब लिखाणात असतो. या तिघांचे लिखाण प्रत्येकी सुमारे दीड लाख अक्षरांचे. धर्मशिक्षण घेताना आम्ही पवित्र शास्त्राच्या जुन्या हस्तलिखितांची तुलना शिकलो होतो: दोन प्रतींत एकच चूक असेल तर त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या. शास्त्रज्ञ विषाणूंचे असेच करतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत लम्पीचे लिखाण बाकी दोघांशी 100 पैकी सुमारे 97 अक्षरे जुळले. म्हणून बकरीच्या लसीने तयार झालेली ताकद बैलाच्या अंगात लम्पीलाही ओळखते. 1796 मध्ये जेन्नर यांनी गायीच्या देवीवरून माणसाच्या देवीची लस काढली, तीही याच तत्त्वावर.

उरलेली तीन अक्षरे मात्र क्षुल्लक नाहीत. लम्पीची नऊ जनुके शेळीमेंढीच्या विषाणूंत मोडलेली आढळली. गायीच्या अंगात जम बसवायला तीच लागत असावीत, असा तर्क आहे. लम्पी मुख्यतः गायीबैलांत आणि काही प्रमाणात म्हशींत होतो. तो डास, माशा, गोचीड पसरवतात. बकरीवर आळ घेण्याचे कारण नाही. याच फरकामुळे बकरीची लस काही जनावरांत कमी पडते. म्हणूनच हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी रांचीकडच्या जनावरांतून मिळालेल्या लम्पीच्याच विषाणूपासून नवी लस बनवली. ती ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झाली. भारतात 2019 साली आलेला हा विषाणू केनियातल्या विषाणूशी जवळचा आहे, हेही अशाच तुलनेतून कळले.

हा नियम सगळ्या रोगांना लावू नका. लाळ्या-खुरकुताचा विषाणू गाय, म्हैस, बकरी, डुक्कर सगळ्यांना धरतो. तिथे बकरीलाही आजारी बैलापासून दूरच बांधले पाहिजे.

नीतिसूत्रे 27:23 मध्ये आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घ्यायला सांगितले आहे. तेव्हा लस निरोगी जनावराला, दरवर्षी टोचून घ्या. अंगावर गाठी दिसल्या तर जनावर वेगळे बांधा, गोचीड-माशा आवरा आणि 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्या.